ऑइल पेंटिंगमधली दोन बोटं

“ताई, ह्याला जरा ऑइल पेंटिंगचा इफेक्ट मारून द्या.”

दिवसातून पाच वेळा तरी हे वाक्य कानावर येतं आणि पाचही वेळा माझ्या डोक्यात तिडीक जाते. मारून द्या म्हणे! शर्टाला इस्त्री मारायची आहे का? कासारवाडीत स्टेशनच्या अलीकडे माझं छोटंसं दुकान आहे. फोटो काढायचं काम मी केव्हाच सोडलं. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर माझ्याकडे फोटो काढायला कोण कशाला येईल? लोकांनी काढलेले फोटो मी कॉम्प्युटरवर दुरुस्त करते, आणि कुणाला हवं असेल तर त्या फोटोचं हातानं रंगवल्यासारखं चित्र करून देते. ते कॅनव्हासवर छापायचं, वरून पारदर्शक जेलचे ब्रश मारायचे, फ्रेम करायची. लग्नाचा वाढदिवस, कंपनीतला निरोप समारंभ, वारलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध, सगळ्याला हल्ली हे चालतं.

आता ह्यात मोबाइलवाले शहाणे घुसलेत. “आमच्या भाच्यानं दोन मिनिटांत केलं, बघा.” मग भाच्याकडूनच करून घ्या की बाबांनो, इथे कशाला चपला झिजवता? भाच्यानं केलेलं बघावं तर आजीच्या केसांच्या शेवया झालेल्या, डोळे वितळून गालावर आलेले, आणि मंगळसूत्राचे मणी पार चिखलात गेलेले. बटण दाबलं की ते यंत्र सगळ्या फोटोवर एकाच मापाचे फटकारे ओढून मोकळं होतं. त्याला कुठे कळतंय कपाळ कुठलं आणि भिंत कुठली?

माझी पद्धत वेगळी आहे. आधी फोटोतले रंग कमी करते, म्हणजे चेहऱ्यावरच्या शंभर छटांच्या सात-आठ उरतात. मग कॉम्प्युटरला जोडलेल्या पेन टॅब्लेटवर एकेक फटकारा हातानं ओढते. पाठीमागच्या भिंतीला मोठा ब्रश, कपड्यांना मधला, चेहऱ्याला बारीक. गालावरचा फटकारा गालाच्या गोलाईनं फिरायला हवा, नाकावरचा वरून खाली यायला हवा. एक चेहरा करायला दोन दिवस जातात. आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, “ताई, पेंटिंगसारखं पाहिजे, पण अगदी फोटोसारखं दिसलं पाहिजे हां.” अशा वेळी कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे मी काही करत नाही. धंदा आहे, तोंड आवरावं लागतं.

तोंड न आवरणारा एक माणूस मात्र दुकानात रोज असतो. ते म्हणजे अण्णा, माझे वडील. वय पंचाहत्तर. आई जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ते माझ्याकडेच आहेत. सकाळी दहाला माझ्याआधी दुकानाच्या पायरीवर हजर. मग माझ्या खांद्यामागे स्टूल ओढून बसतात आणि उंटावरून शेळ्या हाकतात. “त्या बाईच्या नाकावरला डाग कशाला पुसलास? नवरा वळखायचा न्हाई तिला.” “त्यो मान्साचा रंग हाय व्हय? भोपळ्यागत दिसतोय.” दुपारी एकला घरी जाऊन जेवून झोपतात, तेवढाच काय तो मला निवांतपणा. पाचला परत हजर. जुन्या गावची भाषा त्यांनी भोसरी आणि चाकणच्या कंपन्यांत छत्तीस वर्षं काढूनही सोडली नाही.

तर नुकताच माझ्या धाकट्या भावानं रावेतला फ्लॅट घेतला. चौदाव्या मजल्यावर. तो वाकडला आयटीत चांगल्या हुद्द्यावर आहे. वास्तुशांत झाली की अण्णांनी तिकडे राहायला जायचं, असं आमच्यात ठरलं होतं. आणि भावजयीच्या डोक्यात आलं की हॉलमध्ये, आत शिरल्या शिरल्या दिसेल असं, अण्णांचं मोठं ऑइल पेंटिंग लावायचं.

“घरचीच माणसं आहात ताई, तुमच्यासारखं कोण करणार?” ती म्हणाली. घरचं म्हटलं की माझं काम दुप्पट होतं, हा अनुभव आहे. तसंच झालं. रोज एक मेसेज. ताई, सोफा मोरपंखी रंगाचा आहे, मागचा रंग तसाच घेता येईल का? ताई, ब्रशचे स्ट्रोक दिसले पाहिजेत, पण चेहऱ्यावर नको. ताई, अण्णा हसताना दाखवता येतील का? अरे देवा! ज्या माणसानं जन्मात कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवले नाहीत, त्याला मी हसवू, आणि वर मोरपंखी रंगात बुडवू? मी उत्तरं देणंच बंद केलं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं.

खरी पंचाईत फोटोची होती. अण्णांचा धड एक फोटो सापडेना. म्हणजे फोटो पुष्कळ, पण सगळ्यांत उजवा हात गायब. माझ्या लग्नात हात उपरण्याखाली. नातवाच्या बारशाला हात टॉवेलमध्ये. कुठे खिशात, कुठे आईच्या पाठीमागे. ह्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं. अण्णा पॉवर प्रेसवर काम करायचे. लोखंडी पत्रा साच्यावर ठेवायचा, वरून टनाटनाचा ठोका येतो, पत्र्याचा भाग तयार होतो, तो उचलायचा, दुसरा पत्रा ठेवायचा. मी दहा वर्षांची असताना त्या ठोक्याखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं, दोन्ही मधल्या पेरापासून. आमच्या भागात ह्याचं फार नवल नाही. प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेली माणसं लग्नाच्या मांडवात अशीच एक हात खिशात घालून उभी असतात.

शेवटी एक फोटो मिळाला. खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा असते. त्या दिवशी मशीन बंद, धुऊनपुसून लख्ख, झेंडूच्या माळा घातलेली, कुंकवाची बोटं ओढलेली. अण्णा निवृत्त व्हायच्या वर्षीचा तो फोटो, चाकणच्या कंपनीतला. कुणीतरी साध्या कॅमेऱ्यावर काढलेला. अण्णा भोसरीच्या कारखान्यातून चाकणला आणलेल्या आपल्या जुन्या प्रेसशेजारी उभे आहेत, टोपी जरा कलती, कपाळाला गंध, आणि उजवा हात उघडाच्या उघडा मशीनवर ठेवलेला. पूजा करून हात टेकला असेल तेवढ्यात कुणीतरी बटण दाबलं असणार. चेहरा इतका सुरेख आला होता की मी हा सोडून दुसरा फोटो बघितलाच नाही.

फोटो मी भावाला पाठवला. अर्ध्या तासानं त्याचा फोन.

“ताई, फोटो छान आहे. बोटं तेवढी नीट कर.”

“नीट कर म्हणजे?”

“म्हणजे पूर्ण कर ना. तू कायकाय करतेस कॉम्प्युटरवर. पेंटिंगमध्ये कुणाला कळणारेय?”

माझं डोकंच फिरलं. “का रे? तुझे ऑफिसातले लोक येणार म्हणून लाज वाटते का बापाच्या हाताची?”

तो मग म्हणाला, “ताई, मला ते बघवत नाही. रोज येता-जाता समोर. एवढं कर माझ्यासाठी.”

मी फोन आपटला. आपटला म्हणजे काय, मोबाइल कसला आपटतेय, पण लाल बटण जोरात दाबलं. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. चौदावा मजला काय घेतला, बापाचा हात सलायला लागला! पण मग मनात आलं, अण्णा स्वतःच तर जन्मभर हात लपवत आलेत. त्यांनाही भिंतीवर तो हात चारचौघांना दिसलेला खपणार नाही. उगाच मी कशाला तत्त्व घेऊन बसू? प्रश्न एवढाच होता की त्या भिंतीवर अण्णांचा हात कसा लागणार, होता तसा की नव्हता तसा. आणि ते ठरवायचं काम ज्याच्या हाताचा प्रश्न होता त्याला न विचारता आम्ही दोघांनी उरकलं. मी ‘करते’ म्हणून मेसेज टाकला.

आता बोटं आणायची कुठून? म्हटलं, एकदा त्या नव्या ऍपला तरी विचारू, सगळी दुनिया त्याचं कौतुक करतेय. फोटो टाकला, ‘हात पूर्ण करा, तैलचित्रासारखं’ असं लिहिलं. आलेलं चित्र बघून हसावं की रडावं कळेना. माझ्या बापाला दोन बोटं कमी आणि त्या शहाण्यानं एका हाताला सहा दिली! दुसऱ्यांदा केलं तर पाच आली, पण नखं लावलेली, नवरीसारखी गुलाबी. तिसऱ्यांदा त्यानं मशीनच काढून टाकली आणि अण्णांच्या हाताखाली फुलांचा गुच्छ ठेवला. मी ते बंद केलं आणि पुन्हा त्याच्या वाटेला गेले नाही.

मग रविवारी भावाला बोलावलं. त्याचा हात हुबेहूब अण्णांच्या वळणाचा आहे, तोच रुंद पंजा, तोच आखूड अंगठा. त्याला काउंटरवर हात टेकायला लावला, फोटोत जिकडून उजेड येतो तिकडून दिवा लावला आणि दहा-बारा फोटो काढले. अण्णा तेव्हा भाजी आणायला गेले होते. भाऊ हात टेकून उभा होता आणि सारखा दाराकडे बघत होता.

“ते आले तर?”

“आले तर सांग, हात दाखवायला आलोय, ज्योतिषी झालेय मी,” मी म्हणाले. त्याला हसू आलं नाही.

ती दोन बोटं रंगवायला मला तीन दुपारी लागल्या. अण्णा जेवून झोपायला गेले की मी ती फाइल उघडायची आणि पाच वाजायच्या आत बंद करायची. चोरासारखं काम. हात हा मुळातच अवघड. चेहरा जरा इकडचा तिकडे झाला तरी खपतो, पण बोटाच्या प्रत्येक पेरावर फटकाऱ्याची दिशा बदलते, सांध्यावर सुरकुत्या आडव्या, मध्ये उभ्या, नखावर उजेडाचा एकच ठिपका आणि तो जागेवर पडला नाही तर बोट मेणाचं दिसतं. त्यात भावाचा हात कीबोर्डवरचा, गुळगुळीत, धुतलेल्या बटाट्यासारखा. त्याला अण्णांच्या हाताचा राप आणायचा, भेगांतलं काळं तेल आणायचं. खोट्या बोटांवर खोटं तेल मी तीन दिवस भरत होते. आणि खाली खरं बोट होतंच. ह्या कामात मूळ फोटो पुसत नाहीत, त्याच्यावर पारदर्शक काचेसारखा एकेक थर चढवतात. वरच्या थरात बोटं, खालच्या थरात थोटूक. थर जरा सरकला की ते खालून डोकावायचं आणि माझा हात थांबायचा. मनातल्या मनात मी भावाला शिव्या घालायचे आणि पुन्हा ब्रश फिरवायचे.

तरी सांगते, चित्र झालं झकास. मागे कारखान्याचा हिरवट काळोख, झेंडूचा पिवळा नुसता फेकलेला, जवळून बघितलं तर फटकारेच फटकारे आणि चार पावलं मागे गेलं की अण्णा तिथे उभे. इतकी वर्षं हे काम करतेय, पण असं चित्र क्वचित होतं. तीन फूट बाय दोन फूट कॅनव्हासवर छापून आणलं, जेलचा हात मारला, वाळायला ठेवलं. भावाला सांगितलं, बुधवारी दुपारी तीनला ये आणि घेऊन जा, अण्णा झोपलेले असतात.

तो आला. चित्रासमोर उभा राहिला. पहिल्यांदा चेहऱ्याकडे बघितलंच नाही त्यानं, थेट हाताकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, “थँक यू ताई.” त्याचा आवाज असा झाला होता की मला आश्चर्य वाटलं. पण मी अजून रागातच होते. म्हटलं, “बायकोला सांग, मोरपंखी रंग संपला होता.”

आणि तेवढ्यात अण्णा दारात. गल्लीतली लाइट गेली, पंखा बंद पडला, दुकानात इन्व्हर्टर आहे म्हणून आले होते. चित्र झाकायला फडकं शोधेपर्यंत ते आत आलेसुद्धा.

“काय रे, तू हितं कसा?” भावाला म्हणाले, आणि मग त्यांना चित्र दिसलं.

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला. जवळ गेले, लांब गेले. “मशीन झ्याक आलीया,” म्हणाले. “भोसरीपास्नं माझ्याबरूबर हुती ती.” मग वाकून हाताकडे बघितलं. आम्ही दोघं जणू शाळेत पट्टी खायला उभे. मला वाटलं, आता खूश होतील. किंवा चिडतील. दोन्हीची तयारी होती.

“ही बोटं ह्येची हायेत,” अण्णा म्हणाले.

“कशावरून?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“ह्ये अंगठ्याशेजारचं बोट आत वळतंय बग. ह्येचं लहानपणापास्नं तसंच हाय. माझं सरळ हुतं.”

तीन दुपारी ते बोट भिंगाखाली रंगवलं आणि मला दिसलं नव्हतं! स्वतःचीच चीड आली. अण्णा मात्र रागावलेले दिसत नव्हते. भावाकडे वळून, गालातल्या गालात हसत म्हणाले, “एवढा घोडा झालास, अजून भितोस व्हय रे?”

“कशाला?”

“माझ्या हाताला. पट्टी सोडली तवा तू चार-साडेचार वर्साचा. घास भरवाय गेलो की तोंड फिरवायचास. हुंदकं दिऊन रडायचास. म्हनून म्या हात खिशात घालाय लागलो. पोरगं भितंय, कशाला दावायचा? मग सवयच पडली.”

म्हणजे चाळीस वर्षं आम्ही समजत होतो की अण्णांना हाताची लाज वाटते. उपरण्यात, टॉवेलात, आईच्या पाठीमागे तो हात ठेवला होता तो ह्याला दिसू नये म्हणून.

“मी भीत नव्हतो, अण्णा,” तो म्हणाला. “मला बघवायचं नाही. माझ्यामुळे झालं होतं ना ते.”

“तुझ्यामुळं? ते कसं काय?” अण्णांना खरंच कळलं नव्हतं.

“माझ्या तापामुळे. आई सगळ्यांना सांगायची की.”

हो, सांगायची. मी साक्षीदार आहे. अपघातानंतर महिनाभर बघायला येणाऱ्यांची रीघ होती. कंपनीतली माणसं, नातेवाईक, शेजारपाजार. प्रत्येकाला आई तेच सांगायची. पोरगं तापानं फणफणलं होतं, हे रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसले, डोळ्याला डोळा नाही, आणि तसेच पहाटे उठून पहिल्या पाळीला गेले, मग मशीनवर डुलकी लागली. मी पाण्याचे पेले नेऊन द्यायचे. धाकटा तिथेच पत्र्याच्या पेटीला टेकून बसलेला असायचा. बायका त्याच्याकडे बघून चुकचुकायच्या. तो ऐकतोय, हे माझ्याही कधी मनात आलं नाही. मी तरी दहाचीच होते.

अण्णा स्टुलावर बसले. बसले म्हणजे एकदम बसले, मी धरायला पुढे झाले.

“डुलकी कसली रे,” ते म्हणाले. “काडी खोचली हुती म्या.”

मग त्यांनी सांगितलं. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका खाली येतो. दोन्ही हात बटणावर, म्हणजे एकही हात ठोक्याखाली नाही, अशी ती सोय. पण त्यात वेळ जातो, आणि पाळीचा आकडा पुरा करायचा असतो. म्हणून सगळेच एक करायचे. एका बटणाच्या फटीत आगपेटीची काडी खोचायची. ते बटण दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा होतो, काम भराभर उरकतं. अण्णांनी त्या दिवशी तेच केलं होतं. डाव्या हातानं बटण दाबलं गेलं तेव्हा उजवा हात आत होता.

“काडी सापडली असती तर नोकरी गेली असती. शेजारच्या मशीनवाल्यानं मला धरायच्या आदी काडी काढली. साहेबानं इचारलं तर म्या म्हनलो, पोरगं आजारी हाय, रातभर जागा हुतो, डोळा लागला. त्येला पटलं. मग तुझ्या आईला म्याच सांगितलं, कुनी बी इचारलं तर ह्येच सांगायचं. कंपनीची मान्सं यायची ना घरी.”

“म्हणजे तुम्ही जागले नव्हतात?” भाऊ म्हणाला.

“कुटला जागतोय! तुझ्या उशाशी घोरत पडलो हुतो. जागी तुझी आई हुती.”

मग भाऊ ओरडला. माझ्या भावाला मी असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. “चाळीस वर्षं, अण्णा! चाळीस वर्षं मी तुमचा हात दिसला की मान खाली घालतो! एकदा सांगता आलं नाही तुम्हाला?”

“तू कवा इचारलंस?” अण्णाही तितक्याच जोरात म्हणाले.

मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. एकानं पोरगं भितंय म्हणून हात लपवायचा, दुसऱ्यानं पाप लागलंय म्हणून तोंड फिरवायचं, आणि एकमेकांच्या शेजारी पाट मांडून जेवायला बसायचं. आणि मी मधली शहाणी, दोघांना न विचारता बोटं रंगवत बसले. आईचा पण राग आला. तिला तर दोन्ही बाजू ठाऊक होत्या. की इतक्या वेळा सांगून सांगून तिलाही ते खरंच वाटायला लागलं होतं, देव जाणे.

अण्णांचा आवाज एकदम खाली आला. “साडेचार वर्साचं पोर आइकत बसलंय, ह्ये ध्यानातच आलं न्हाई रं. नोकरी वाचली एवढंच दिसलं. चुकलं माझं.” आणि खिशातला उजवा हात काढून त्यांनी काउंटरवर ठेवला, दिव्याच्या उजेडात. “पोरी, ती बोटं पूस. ह्येला ह्येची परत दे.”

पुसायला काहीच लागलं नाही. फाइल उघडली, बोटांच्या थरावर एक टिचकी मारली, तीन दुपारींचं काम गेलं. खालून तो हात वर आला. त्याच्याकडे मी एकदाही ब्रश नेला नव्हता, त्यामुळे सगळं चित्र रंगवलेलं आणि तेवढाच तुकडा फोटोचा, फुटलेल्या ठिपक्यांचा. कॅनव्हास वाया गेला होता, तो पुन्हा छापायला लागणार होता. मी पेन हातात घेतलं आणि मशीनच्या कडेपासून सुरुवात केली. मला नीट दिसत नव्हतं, सारखे डोळे पुसावे लागत होते.

भावानं दुसरं स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ येऊन बसला. अण्णांचा खरा हात काउंटरवर होता. तो एकदा तिकडे बघायचा, एकदा पडद्याकडे.

“ताई, थोडं मोठं कर,” तो म्हणाला. “टोकाला टाक्यांची शिवण आहे त्यांच्या. ती नीट घे.”